पाडव्याची कढई

अनारसे मला फार चांगले येत. या वयात हे सांगण्यात मिरवण्यासारखं काही उरलेलं नाही; पण तेव्हा मी मिरवलं, आणि तिथंच फसले.

माझं माहेर वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी मुलखात. लग्न होऊन मी आले ती केदारखेड्याजवळच्या एका गावात, निजामाच्या राज्यात. अंतर बैलगाडीनं दीड दिवसाचं. पण मधल्या हद्दीवर करोडगिरी नाका होता. तिथं गाडी उभी करायची, गाठोडी सोडून दाखवायची, आणि कारकुनाची मर्जी झाली की पुढं जायचं. दिवस मावळला की नाका बंद. आमच्या माहेरी ‘मुलगी मोगलाईत दिली’ असं म्हणताना बायकांचा आवाज आपोआप खाली यायचा. तो का खाली यायचा ते मला लग्नानंतर कळलं.

सासरे गावचे मालीपाटील. सारावसुलीचं काम त्यांच्याकडं, त्यामुळं दारात सरकारी माणसांचा राबता. दिवाळीच्या पाडव्याला सगळी भावकी, गावातली मानाची माणसं, जालन्याच्या मस्तगडातले दोन-तीन पाहुणे, आणि फिरतीवर असलाच तर गिरदावर, म्हणजे तहसिलीतला अंमलदार, असे सगळे सकाळपासून आमच्या ओसरीवर फराळाला जमत. एक पंगत उठली की दुसरी बसायची. फराळाबरोबर उकाळा असायचा. सुंठ, मिरी, गवती चहा आणि गूळ पाण्यात उकळून त्यात म्हशीचं दूध. थंडी नुकती पडायला लागलेली असायची आणि पितळी पेल्यांतून वाफा निघायच्या. ओसरीवरून ते फार छान दिसत असेल. मी ओसरीवरून कधी पाहिलं नाही. आमच्या घरच्या बायका ओसरीवर जात नसत.

लग्नानंतरची पहिली दिवाळी खरं तर माहेरी व्हायची, पण माझे चुलते वारले आणि तिकडं सण राहिला नाही. मी सासरीच होते. पंधरा वर्षांची. घरात मला काम पुष्कळ होतं पण किंमत काही नव्हती, आणि ती मिळावी असं मला फार वाटत होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी सासूबाई अनारसे तळायला बसल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. वातानं त्यांची बोटं वाकडी झालेली होती, पिठाचा अंदाज हाताला राहिला नव्हता. एकामागून एक अनारसे तुपात फुटून विरघळत होते. अनारसा असा विरघळला की तो हसला म्हणतात. मला काही त्यात हसण्यासारखं दिसत नव्हतं. आत्याबाईंचे डोळे भरून आले होते. मी म्हणाले, “मी करू का?”

हे तीन शब्द मी का बोलले, याचा विचार मी पुढं कितीतरी वर्षं करत होते.

मी पिठात मूठभर कोरडी पिठी मिसळली, पुन्हा मळलं, पळसाच्या पानावर खसखस पसरून एकेक गोळी थापली आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर सोडली. आईनं शिकवलं होतं तसं उलटवलं नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहिले. कडा लालसर, मधे सुरेख जाळी. दुसऱ्या दिवशी मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते पाहुण्यांपुढं ठेवले. शेवटचा घाणा तेव्हा सकाळीच तळला होता. गिरदावर साहेबांनी त्यातला एक खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि म्हणाले, “पाटील, ये चीज तो गरम गरमच खानी चाहिए.”

झालं. अनारसा खरं तर महिनाभर टिकतो. आधी करून डब्यात भरून ठेवला की काम संपलं. पण मामंजींनी त्या दिवसापासून कायदाच केला, की पाडव्याला आपल्या घरी अनारसा कढईतून निघाला की सरळ ताटात गेला पाहिजे. त्यामुळं पाडव्याला पहाटेपासून दिवस कलेपर्यंत मी चुलीपुढं, आणि पाडव्याचा दुसरा दिवस म्हणजे भाऊबीज.

माझा भाऊ, दादा, दर दिवाळीला मला न्यायला मुराळी म्हणून यायचा. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी पोचायचा, मुक्काम करायचा. पाडव्याला दुपारी निघालं तरच दिवस मावळायच्या आत नाका ओलांडता येई. पलीकडं आमच्या मावशीचं गाव होतं, तिथं रात्र काढून भाऊबीजेला घर गाठता येई. आणि दर वर्षी त्याला एकच उत्तर मिळायचं, “पाडव्याचं आटपू द्या, मंग न्या.” पाडव्याचं आटपेपर्यंत दिवस बुडायला आलेला असायचा. भाऊबीज हुकली की जायला कारण उरत नसे. दादा रिकामी गाडी घेऊन परत जायचा.

घरात सुना दोन. सणाला एकीनं जायचं आणि एकीनं घर बघायचं, असा आमच्याकडचा रिवाज. दिवाळीला जायची माझी मोठी जाऊ. तिचं माहेर कोसभरावर, पण जायची ती चांगली आठ दिवस. तिला अडवायचं कशाला? तिला काहीच येत नव्हतं. तिची करंजी तुपात उकलायची, शेवया तुटायच्या, भाकरीला नेहमी एका बाजूनं चीर. पाडव्याला तिच्याकडं उकाळ्याचं काम दिलेलं होतं, कारण उकळण्यात बिघडवण्यासारखं फारसं काही नसतं. तो ओतून झाला की ती जायला मोकळी. मला तिची कीव यायची. माझी पाळी आखाजीला, अक्षय तृतीयेला. पण आखाजीच्या तोंडावर घरात कुरडया, पापड, शेवया, आणि त्यातही माझा हात चांगला. “एवढा चीक शिजवून दे, तुझ्यासारका कोणाला जमत न्हाई,” असं करता करता आखाजी निघून जायची. नागपंचमी, पोळा यांच्यासाठी तर कुणी विषयही काढत नसे. ती पहिली दिवाळी सोडून अशी तीन वर्षं गेली.

आमचे हे या सगळ्यात कुठं होते, असं कुणी विचारील. होते ना, घरातच होते. वडिलांपुढं तोंड उघडायची त्यांची पद्धत नव्हती. मी सांगितलं की “बघू” म्हणायचे आणि खरोखरच नुसतं बघायचे.

चौथ्या वर्षी दसऱ्याला दादाचा निरोप घेऊन एक कापसाचा व्यापारी आला. आईचे डोळे दोन वर्षांपासून अधू झाले होते ते मला माहीत होतं. आता पडदा जास्तच आला होता. दादानं सांगून पाठवलं होतं, “आईला माणूस आवाजावरनं कळतं. सकाळच्या उन्हात उभं राह्यलं तर तोंड दिसतं अजून. दिवाळीला येच. पुढच्या सालाचं सांगता येत न्हाई.”

व्यापाऱ्यानं हे मामंजींना ओसरीवर सांगितलं आणि मी दाराआडून ऐकलं. आईनं मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी पंधराची व्हायची होते, साडी नेसायला नुकती शिकलेली काटकुळी पोर. आता मी दारापेक्षा चार बोटंच बुटकी होते. माझं तोंड बदललं होतं, आवाजही बदलला होता. यातलं आईनं काही पाहिलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर मला एका सकाळी तिच्यापुढं उन्हात उभं राहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. पण एवढं मागायला लागतं याचीच मला चीड यायची.

दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी अनारशाचे तांदूळ भिजले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत फडक्यावर पसरायचे आणि अंगात ओल आहे तोवर कुटून, वस्त्रगाळ करून त्यात गूळ मिसळायचा. नेमकी त्याच दिवशी मी बाहेरची झाले. चार दिवस कशाला शिवायचं नाही. अनारशाच्या पिठाला तर सावलीही चालत नाही म्हणायचे. तांदूळ थांबणार नव्हते. आत्याबाईंनी मला मागच्या पडवीत पोत्यावर बसवलं, जाऊबाईंना आत उखळापाशी बसवलं, आणि मी दारातून सांगायचं नि तिनं करायचं असं ठरलं.

मी सांगू लागले. आता कुटा. आता चाळा. आता गूळ किसून घ्या. थोडा वेळ गेला आणि माझ्या ध्यानात आलं, की माझं बोलून होण्याआधीच जाऊबाईंचा हात तिथं पोचलेला असतो. मी “मूठ आवळून बघा” म्हणणार होते, तर तिनं पीठ आधीच मुठीत आवळलेलं, आणि मूठ उघडून पिठावर बोटांचे ठसे उमटले का ते ती पाहत होती. ठसे राहिले तर ओल बरोबर. ही खूण ज्याला अनारसे येतात त्यालाच माहीत असते. तिनं वर पाहिलं. मी तिच्याकडं बघत होते. मग तिनं चाळणी मुद्दाम कलती केली आणि ओंजळभर पीठ जमिनीवर सांडलं. आत्याबाई म्हणाल्या, “तुझ्या हाताला काय झालंय गं?” आणि जाऊबाई खाली मान घालून सांडलेलं पीठ गोळा करायला लागली.

संध्याकाळी ती मला वाढायला पडवीत आली. लांबून भाकरी टाकली आणि तिथंच उभी राहिली.

मी म्हणाले, “तुमाला येतेत अनारसे.”

“येतेत की,” ती म्हणाली. “माह्या मायचे अनारसे गावात कोणाला यायचे न्हाईत. मला समदं येतंय.”

“मंग?”

“मंग काय? पहिल्याच वर्साला समदे जाळून टाकले. आत्याबाई दोन महिने बोलल्या. मंग बोलून बोलून थकल्या. मी आठ वर्सं झाले दिवाळीला माहेरी जाऊन राह्यले.” ती जराशी हसली. “तू येडी हायेस. तुला कोणी सांगितल्तं हात दाखवायला?”

ज्या बाईची मी तीन वर्षं कीव केली, ती तीन वर्षं माझी कीव करत होती. राग तिचा यायला हवा होता, पण आला माझाच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दादा आला. आईच्या डोळ्यांचं त्यानं पुन्हा सांगितलं, तेही आत्याबाईंना, हात जोडून. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. मग म्हणाल्या, “उद्या दुपारपत्तर कढई उतरली तर दोघी बी जा. मी बघते मागचं. पर कढई उतरल्याबिगर मला सोडता येत न्हाई. ह्यांना काय सांगू?”

कढई दुपारपर्यंत उतरायची एकच रीत होती, आणि ती मला जाऊबाईनं सांगितलेली होती.

त्या रात्री सगळ्यांची जेवणं चालू असताना मी कोठीत गेले. पिठाची बरणी काढली, आणि त्यात दोन मुठी गूळ किसून मळून टाकला. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात टिकत नाही. देवाचं काही मोडत असल्यासारखं वाटत होतं. मागं ठेवलेली कोरडी पिठी एका मडक्यात होती. पीठ बिघडलं तर सुधारायला ती ठेवतातच. ती मी उकिरड्यावर टाकायला निघाले. दारापर्यंत गेले आणि परत आले. टाकवेना. मडकं फळीवर मागच्या बाजूला सारून ठेवलं.

पाडव्याला उजाडताच पहिली पंगत बसली. मी कढई चढवली. तूप तापलं. पहिली गोळी थापून सोडली आणि ती पाहता पाहता पसरली, फेसाळली आणि तुपात विरून गेली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. आत्याबाई ताट घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं.

“पीठ बिघडलं,” मी म्हणाले.

“तुझ्या हातानं?”

“काय झालं काय की. गूळ चिकट निघाला असंल.”

पलीकडं जाऊबाई उकाळा गाळत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पण गाळण्याची धार एकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

आत्याबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. माणसाच्या हातून होतंच. उतरव कढई.”

इतकं सोपं होतं. मी पदरानं कढईचे कान धरले. मागच्या अंगणात दादा बैलांना वैरण टाकत होता, त्याचा आवाज येत होता. मला सगळा रस्ता दिसला. नाका, मावशीचं गाव, आमच्या घराचा उंबरा, आणि सकाळचं ऊन. मला आठवतं, मी मनात साडीसुद्धा ठरवली होती.

आत्याबाई करंज्यांचं ताट घेऊन ओसरीच्या दारापर्यंत गेल्या आणि आतूनच मामंजींना हळू सांगितलं, की यंदा अनारसे झाले न्हाईत. मामंजींनी हळू ऐकलं, पण बोलले ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. गिरदावर साहेब समोर बसलेले. “झाले न्हाईत म्हणजे? साहेब आपलं गाव टाकून इथं आलेत ते काय तुझ्या करंज्या खायाला? तीस वर्सं झाले चूल सांभाळून राह्यलीस, एक पीठ सांभाळता येत न्हाई? बिलकुल अक्कल न्हाई बाईला.” कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, “जाने दो, पाटील,” तर ते आणखीच चढले. अनारसे कोण करतं हे मामंजींना माहीतच नव्हतं. घरात जे चांगलं झालं ते त्यांच्या घरचं, आणि जे बिघडलं ते आत्याबाईंचं.

त्या परत आल्या, ताट खाली ठेवलं आणि चुलीपाशी बसल्या. त्यांनी झारा उचलला, आणि कढईतले ते विरघळलेले तुकडे काढायला लागल्या. वाकड्या बोटांत झारा नीट राहीना. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मग कढई उतरवून, हात धुऊन, गाडीत जाऊन बसले असते, आणि वर म्हणाले असते की घेतलं सगळं ऐकून.

मी उठले आणि फळीकडं गेले. जाऊबाईनं माझं मनगट धरलं.

“नको,” ती अगदी हळू म्हणाली. “बोलून बोलून किती बोलतील? दोन महिने. मंग सुटलीस.”

“त्यांना बोलले.”

“आपल्याला बी बोलतेत. त्यांना सवय हाय.”

तिचं बरोबर होतं. आजही मी तिला चूक म्हणणार नाही. पण मी हात सोडवून घेतला आणि मडकं काढलं. आत्याबाईंसाठी काढलं, असं मी कितीतरी वर्षं सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. ओसरीवर कुणीतरी म्हणालं होतं, “पाटलाच्या घरचे अनारसे आता गेले म्हणायचे,” आणि ते मला झोंबलं होतं. ते माझे अनारसे होते. माझं नाव कुणाला माहीत नव्हतं, तरी ते गेले असं कुणी म्हणावं हे मला सहन झालं नाही.

मी पिठात पिठी मिसळली, पुन्हा मळलं, पहिला अनारसा सोडला. तो टिकला. जाळी उठली. आत्याबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग मडक्याकडं, मग माझ्याकडं. त्यांना कळलं असावं. त्या उठल्या आणि ताट पुढं धरलं.

जाऊबाईचा भाऊ आला. तिनं शेवटचा उकाळा ओतला, पातेलं घासून पालथं घातलं आणि निघाली. जाताना तिनं माझ्याजवळ दूध-उकाळ्याचा एक पेला भरून ठेवला. तो तिथंच निवला, वर साय धरली. मला हात रिकामा झालाच नाही. सकाळी अनारसे मिळाले नव्हते म्हणून की काय, उठून गेलेली माणसंही पुन्हा बसली. मामंजी खुशीत होते. आतून ऐकू येत होतं, “घ्या साहेब, हा बघा, आत्ता निघाला. जल्दी, जल्दी आण गं.” धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. मी थापत राहिले. उंबऱ्यावरचं ऊन हळूहळू मागं सरकलं आणि मग अंगणात उतरलं. मी त्याच्याकडं बघायचं बंद केलं.

दादा मागच्या दारात आला. बैल जुंपलेले होते, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. त्याला सकाळचं काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, दर वर्षीसारखंच.

“निघतो बाई,” तो म्हणाला. “आता न्हाई निघालो तर नाका बंद होईल. उद्या घरी आपली धाकटी ववाळायची थांबलेली हाय.”

कढईत चार अनारसे होते. उठता येत नव्हतं. मी बसल्या जागी त्याच्याकडं पाहिलं. चार अनारसे जळाले असते तर काय झालं असतं? हे मला आज सुचतं. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा माझे डोळे पुन्हा कढईकडं वळले, कारण ते लाल होत आले होते.

“आईला काय सांगू?” त्यानं विचारलं.

“सांग, कढई उतरली न्हाई म्हणून.”

तो बैलांकडं वळला. मग गेला. मी झाऱ्यानं तूप उडवत राहिले आणि रडत राहिले, आणि धूर असल्यामुळं कुणी मला रडण्याबद्दल काही विचारलं नाही.

मला दिवस गेल्याचं पाडव्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मात्र मामंजींनाही मोडता येत नव्हता. फाल्गुनात दादा गाडी घेऊन आला. आत्याबाईंनी माझी ओटी भरली आणि पाठीवरून हात फिरवला. नाक्यावर कारकुनानं माझी गाठोडी सोडायला लावली. सोडली, पुन्हा बांधली. मला कशाचं काही वाटलं नाही.

आई दारातल्या उन्हात बसलेली होती. सकाळच होती. मी मुद्दाम मावशीकडून मध्यरात्रीच निघायला लावलं होतं. गाडीतून उतरून मी नेमकी तिच्यापुढं उन्हात जाऊन उभी राहिले, काही न बोलता. तिनं मान थोडी वाकडी केली. “कोण हाय?” तिनं विचारलं.

मी खाली बसले. तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, गाल, नाक, हनुवटी. “भरलीस गं,” म्हणाली. सासरी गेल्यावर मी कपाळावर गोंदवून घेतलं होतं. ते मला तिला सांगावं लागलं, कारण गोंदण हाताला लागत नाही. तिनं कुठं आहे ते विचारलं आणि तिथं अंगठा ठेवला.

धाकटी बहीण तिथंच दाराला टेकून उभी होती. तेरा वर्षांची. तिचं लग्न ठरलेलं होतं, वैशाखातली तिथ धरली होती, आणि ते गावही नाक्यापलीकडचं, मोगलाईतलं. मी बोलायचं म्हणून बोलले, “दिवाळीला काय काय केलं?”

“करंज्या, शेवया,” धाकटी म्हणाली. “अनारसे न्हाई केले. आई आता करतच न्हाई.”

“काऊन?” मी आईला विचारलं. “तुला दिसत न्हाई तर हिला बसवायचं. सासरी चालली पोरगी. तुझी विद्या हिला कधी शिकवणार?”

आईनं माझ्या कपाळावरचा अंगठा काढला नाही. “न्हाई शिकवली,” ती म्हणाली. “तुला शिकवली ते पुष्कळ झालं. तीन दिवाळ्या मला दिसत होतं तवा मी ह्याच दारात बसून गाडीकडं बघत व्हते. दर साली गाडी रिकामी. मंग मी ठरवलं. हिला काईच येत न्हाई बघ. ही येत जाईल.”

धाकटी लाजून हसली. तिला वाटलं, आई तिची चेष्टा करते आहे.